पाणी दिलेली चौदा माणसं

भोसरीच्या उड्डाणपुलाखाली सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा ड्रायव्हरने आरशात बघून मला विचारलं, "तुमी त्या पानी देनाऱ्या म्याडम ना?" मी मांडीवरचा लॅपटॉप अर्धा मिटला. मला आजवर लोकांनी बरंच काही म्हटलं आहे. कॉलेजात मला मागून 'साडेचार' म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडतंही. सहा वर्षांपूर्वी मी चाकणच्या एका कंपनीच्या दोन कारखान्यांत एक अभ्यास केला. कँटीनच्या टेबलावरची मिठाची वाटी उचलली की कामगारांचा रक्तदाब सरासरी साडेचारने उतरतो, असं त्यात निघालं. तेव्हापासून मी जिथे जाईन तिथे तो आकडा माझ्याआधी जाऊन बसलेला असतो. भाषणात डॉ. स्वरूपा म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात साडेचार म्हणतात. आजही मी त्याच आकड्याच्या जोरावर चाकणला निघाले होते. तीन वाजता कारखानदारांच्या हॉलमध्ये समितीची शेवटची बैठक होती, आणि तिथल्या औद्योगिक पट्ट्यातल्या सगळ्या कँटीनमधून मिठाच्या वाट्या उचलायच्या की नाही, ते तिथे ठरणार होतं. पण पाणी? पाणी मी कुणाला दिलं होतं, ते मला आठवेना. ड्रायव्हर म्हणाला, "मी गोरक्ष. निघोज्याचा. प्रेस शॉपला व्हतो तवा, एक नंबरात. तुमी दंडाला पट्टा बांधायच्या."

एक नंबर म्हणजे ज्या कारखान्यातल्या वाट्या आम्ही उचलल्या तो. दोन नंबरात वाट्या होत्या तशाच ठेवल्या, तुलनेसाठी. मला गोरक्ष आठवला नाही, पण पत्र्याला ठोकून आकार देणाऱ्या प्रेस शॉपचा आवाज आठवला. कानाला नव्हे, तळपायाला. कँटीनच्या मागच्या एका खोलीत आम्ही खुर्ची टाकली होती आणि प्रत्येक ठोक्याला त्या खुर्चीचे पाय जमिनीवर किंचित सरकायचे. आधी पाच मिनिटं शांत बसवायचं, मग प्रत्येकाचा रक्तदाब तीनदा मोजायचा, कुणालाही आकडा सांगायचा नाही, कुणाशी त्याबद्दल बोलायचं नाही. न सांगण्यामागे कारण होतं. माणसाला आपला आकडा कळला की तो वागणं बदलतो. दुसऱ्या फेरीत जो आकडा येतो तो मग मिठाचा राहत नाही, भीतीचा होतो. आमचे सर सांगायचे, मोजणाऱ्याचा चेहरा भिंतीसारखा हवा. मी माझा चेहरा तसा ठेवला होता. सहा महिन्यांत एक नंबरातल्या बासष्ट माणसांना दोन वेळा मोजलं आणि एकालाही भुवईने काही सांगितलं नाही, असा माझा अभिमान होता. कामगारांपैकी कुणी कधी "किती हाय?" म्हणून विचारलं तर मी हसून "ठीक आहे, ठीक आहे" म्हणायची. एकशेऐंशीच्या वर असता तर मात्र तिथल्या तिथे डॉक्टरकडे पाठवायचं ठरलं होतं. तेवढा एकाचाही नव्हता.

"पाणी कसलं हो?" मी विचारलं. गोरक्ष हसला. मोशीच्या अलीकडे नेहमीसारखी रांग लागलेली, कंटेनरच्या मागे कंटेनर, त्यामुळे त्याला मागे वळून बघायला भरपूर सवड होती. "तुमी बोलायच्या न्हाई काय, पर येखाद्याचा वाडलेला आसला की तुमी म्हनायच्या, जरा बसा दादा, पानी घ्या. सोता गिलास भरून द्यायच्या. आमी भाईर वळखायचो. ज्याला पानी, तो गेला." हाताला तो स्टीलचा पेला आठवला. खोलीच्या कोपऱ्यात थंड पाण्याचा जार होता, आणि हो, मी भरून द्यायची. का द्यायची? समोरच्या माणसाच्या शरीरात जो आकडा आहे तो मला माहीत आणि त्याला नाही, ही गोष्ट मला सोसत नव्हती, म्हणून काहीतरी हातात द्यायची. आमच्या घरात दारात आलेल्या प्रत्येकाला आधी पाणी देत, तसं. माझा चेहरा भिंतीसारखा होता, हाताकडे मात्र माझं लक्षच नव्हतं. मला लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटलीही. पण पहिल्यांदा वाटलं ते कुतूहल, अगदी लोचट कुतूहल. मला लहानपणापासून ही खोड आहे. का ते कळल्याशिवाय घास उतरत नाही. मी लॅपटॉप पूर्ण मिटून पुढे सरकले आणि विचारलं, "मग ज्याला पाणी मिळालं, त्याने काय केलं?"

"करतो काय? आईच्या गोळ्या खाल्ल्या," गोरक्ष म्हणाला. मग गल्लीतल्या क्रिकेटचा किस्सा सांगावा तसं त्याने ते सांगितलं. पहिल्या मोजणीनंतर चार महिन्यांनी सोमवारी सकाळी कँटीनमधल्या वाट्या गायब झाल्या. त्यानंतर दोन महिन्यांनी ठेकेदाराच्या माणसांचे, म्हणजे गोरक्षसारख्या कंत्राटी कामगारांचे, गेटपास नवे व्हायचे होते. त्याच्या दोन वर्षं आधी, वर्षाच्या मेडिकलमध्ये ज्यांचं प्रेशर वाढलेलं निघालं अशा अकरा जणांचे पास पुन्हा निघालेच नव्हते. पोरांनी दोन आणि दोन चार केले. बाई पट्टा बांधून गेल्या, मग मीठ गेलं, म्हणजे कंपनीला कळलंय. आता पुन्हा पट्टा येईल, आणि ज्याचा वाढलेला तो बाहेर. दुसऱ्या फेरीची तारीख नोटीस बोर्डावर लागली तेव्हा आठ दिवस उरले होते. "आमच्या आईला सरकारी दवाखान्यातनं पिशरच्या गोळ्या मिळत्यात, म्हैन्याच्या म्हैन्याला. ती म्हनली, खा की तू. रोज येक, आट दिस. तंबाखू बंद, चा बंद. मंग काय, झालो पास." दोन नंबरातल्या लोकांनी असं काही केलं नाही, कारण त्यांच्या वाट्या जागच्या जागी होत्या. त्यांना कशाचीच शंका आली नाही. वाटी उचलल्याने रक्तदाब उतरला होता, हे खरंच होतं. फक्त तो मिठामुळे उतरला नव्हता.

गाडी दोन हात पुढे सरकली आणि थांबली. मी खिडकीबाहेर एका ट्रकच्या मागे लिहिलेलं काहीतरी तीनतीनदा वाचत होते आणि मनात गुणाकार चालू होता. किती जण? त्यावर सगळं होतं. गोरक्ष एकटाच असेल तर बासष्टांत एकाने काय फरक पडतो. अभ्यासात एखादा असा निघतोच. "तुम्ही एकटेच?" मी विचारलं. "छ्या. चौदा जन." "चौदाच कशावरून?" यावर त्याने सरळ फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "आये, त्या पट्टेवाल्या म्याडम हायत गाडीत. त्या गोळ्यांचं ईचारत्यात, किती जनं व्हती?" पलीकडून आधी भांड्यांचा आवाज आला, मग गोरक्षच्या आईचा, सरुबाईंचा. "चौदा. येका गोळीचा बी हिशोब हाय माज्याकडं, बाई. माज्या येकटीच्या तीस कशा पुरत्याल? आमच्या आळीत चौघींला पिशर. मी, कस्तुरा, यशोदा आन् धाकली जाऊ माजी. चौघींच्या गोळ्या येका डब्यात वतल्या. चौदा पोरं, आट दिस. किती झाल्या?" "एकशे बारा," मी म्हणाले. "मंग? आट उरल्या, त्या परत वाटून घेतल्या." त्यांच्या आवाजात काय अभिमान होता. मला त्यांना माझ्या विभागात नोकरीला घ्यावंसं वाटलं. माझ्या अभ्यासात औषधाची नोंद इतकी चोख कधी झाली नव्हती.

"आणि तुम्ही चौघी? महिनाभर गोळ्यांशिवाय?" मी विचारलं. "आमचं काय बाई, आमाला कुटं गेटातनं आत जायाचंय? चक्कर यायची जराशी. कस्तुरा न्हानीत पडली, हात मोडला तिचा. पर ती म्हातारीच हाय, ती बिनगोळीची बी पडली आसती." हे वाक्य माझं होतं. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मी वर्गात दर वर्षी सांगते, आणि ते खरंच आहे. पण फोनवर ते ऐकताना मला पहिल्यांदा दिसलं, की माझ्या अभ्यासात तीन गट होते. एक वाट्या उचललेला, एक वाट्या ठेवलेला, आणि तिसरा निघोज्याच्या एका आळीतल्या चार बायकांचा, ज्यांचा रक्तदाब त्या महिन्यात किती चढला ते कुणीच मोजलं नाही. त्यांच्या अंगातून जे निघालं ते माझ्या तक्त्यात उतरलं. मला त्या चौघींचा आकडा हवा होता. आत्ता, सहा वर्षांनी, मोशीच्या रांगेत अडकून मला तो हवा होता, आणि तो जगात कुठेही नव्हता.

वाईट याचं वाटलं, की मला हे कळायला हवं होतं. माझे वडील एस.टी.त ड्रायव्हर होते. वर्षाच्या तपासणीआधी आठ दिवस आमच्या घरात सणासारखी गडबड असे. आई सकाळी लसणाच्या पाकळ्या सोलून द्यायची, भाजीत मीठ घालायची नाही, संध्याकाळी ताक. वडील दुपारी डोळ्यांवर ओला पंचा टाकून पडायचे आणि आम्हा मुलांना शेजारी खेळायला पाठवत. तपासणीच्या दिवशी ते गाडी न पकडता पायी हळूहळू जायचे, दम लागू नये म्हणून, आणि आले की आई दारातच विचारायची, "झालं?" ते मान हलवायचे. मग रात्री कांदाभजी. त्यांचा रक्तदाब खरंच किती होता ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. कळलं ते थेट दवाखान्यात, तेव्हा ते कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. ते घर सोडून मी डॉक्टर झाले, पुस्तकांतून रक्तदाबाबद्दल सगळं शिकले, आणि एका कारखान्याच्या खोलीत बासष्ट ड्रायव्हर बसलेले असावेत तशी माणसं माझ्यासमोर ओळीने आली, तरी माझ्या डोक्यात लसूण आला नाही. काही लोक खिशात मिठाची पुडी बांधून आणतात, हे मला तेव्हा कळलं होतं. ते मी शोधनिबंधात नोंदवलंही, चांगलं अर्धं पान. पुडी दिसली, कारण ती मिठाची होती, आणि मी मीठ शोधत होते.

गुणाकार संपत नव्हता. एका गोळीने, तंबाखू आणि चहा बंद करून, आठ दिवसांत वरचा आकडा अंदाजे पंधराने उतरेल. चौदा पंधरे दोनशे दहा. भागिले बासष्ट, जवळजवळ साडेतीन. साडेचारातून साडेतीन गेले, उरला एक. तो एक मिठाचा की कशाचाच नाही? एवढा छोटा आकडा नुसत्या योगायोगानेही येतो. किंवा माझा पंधराचा अंदाज चुकला असेल, दहाच उतरला असेल, मग मिठाला दोनाच्या वर मिळतात आणि वाट्या उचलणं शहाणपणाचं ठरतं. पहिल्या फेरीत वाढलेले तेवीस होते. पाणी मी त्यातल्या काहींनाच दिलं असणार, सकाळच्या पाळीत, गर्दी कमी असताना. त्या तेविसांतले चौदा कोण, ते कळलं की ते वगळून सगळं पुन्हा काढायचं, दहा मिनिटांचं काम. सगळा तक्ता माझ्या मांडीवर होता. "आजी," मी फोनकडे वाकून म्हणाले, "ती चौदा नावं आठवतात का हो तुम्हाला?" "न आटवायला काय? माज्या हातानं वाटल्यात. लिवून घे. पयला आमचा गोरक्ष. दुसरा प्रज्वल, यशोदाचा नातू. तिसरा ओम, त्यो खालच्या आळीचा..." मी वहीत लिहीत गेले. चौदावं नाव लिहून वर बघितलं तर गोरक्ष आरशात माझ्याकडे बघत होता. हसू गेलं होतं. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "म्याडम, मी निगालो तिथनं. पर बाकीची तिथंच हायत अजून. ठेकेदाराकडंच. दर साली पास निगतो त्यांचा." मी म्हणाले, "मला माहीत आहे." खरं तर मला ते त्याने सांगेपर्यंत सुचलंही नव्हतं.

इंद्रायणीचा पूल, चिंबळी फाटा, कुरुळी. मला वाट दिसली नाही. मी स्वतःशी भांडत होते, आणि भांडणात दोन्ही बाजू मलाच चांगल्या माहीत होत्या. मीठ कमी केल्याने रक्तदाब उतरतो हे जगात इतर ठिकाणी पुष्कळदा दिसलं आहे. माझा अभ्यास नसता तरी मी तेच म्हटलं असतं. मग गप्प बसायला काय हरकत आहे? नियम चांगला आहे, पुरावा किडका आहे, पण नियमाला तो किडका दिसत नाही. दुसरी बाजू एवढंच म्हणायची, की तुला माहीत आहे. कँटीन ठेकेदारांचे प्रतिनिधी मालोजीराव गेल्या तीन बैठकांत एकच मुद्दा धरून होते, की प्रेसवर घाम गाळणाऱ्या माणसाला मीठ लागतं आणि पुण्यात एसीत बसून ते कळत नाही. मी त्यांना दर वेळी साडेचार दाखवला होता. आकड्यापुढे घाम हरतो. आज मी तोंड उघडलं असतं तर मालोजीराव जिंकले असते. कदाचित ते बरोबरही होते. ते मी कधी मोजलं नव्हतं, कारण त्यांनी ते मोठ्या आवाजात सांगितलं होतं.

हॉलमध्ये बारा माणसं होती आणि वेफर्सच्या बश्या. अध्यक्ष, आरोग्य खात्यातून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ, म्हणाले, "डॉक्टर, तुमचं एकदा थोडक्यात होऊ द्या, मग मंजूर करून टाकू." मी उभी राहिले. स्लाइड लावली नाही. म्हणाले, "एक नंबरातल्या दुसऱ्या फेरीच्या आधी काही कामगारांनी रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या होत्या. मला आज कळलं. माझा आकडा धरू नका." मग मालोजीराव खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "घ्या. म्हणजे वाट्या परत टेबलावर." त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद होता, पण थोडी भीतीही होती, माझ्यासारखं कुणी आपलंही उकरेल म्हणून असेल. कंपनीकडून आलेल्या वर्षाली मॅडम, मनुष्यबळ विभागाच्या, शांत आणि हुशार बाई, त्यांनी पेन उचललं. "किती जण?" "चौदा." "मग एवढं कठीण नाही. नावं द्या, आपण ते चौदा वगळून पुन्हा काढू. तुमचा अभ्यासही वाचेल आणि नियमही." आणि त्या बरोबर होत्या. मीही गाडीत हेच केलं असतं. माझी वही माझ्या हाताखाली होती. मला त्या क्षणी ती उत्तराची भूक अशी लागली की बोटं वहीच्या पानापर्यंत गेली. मी विचारलं, "नावं मिळाली, तर त्यांच्या पासचं काय?" वर्षाली मॅडमनी खोटं सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांना मानते. त्या म्हणाल्या, "मेडिकल माहिती लपवली असेल तर पॉलिसी आहे. मी एकटी काही वचन देऊ शकत नाही."

"मग नावं माझ्याकडे नाहीत," मी म्हणाले. "पण चौदा हे कुठून कळलं?" वर्षाली मॅडमनी विचारलं. "ते सांगता येणार नाही." अध्यक्षांनी चष्मा काढला. ते माझ्यावर रागावले नाहीत, त्यांना नुसतं वाईट वाटलं. "डॉक्टर, तीन वर्षं तुम्ही आम्हाला शिकवलंत, पुराव्याशिवाय बोलू नका. आणि आज तुम्ही पुरावा खोटा आहे असं म्हणताय, तेही पुराव्याशिवाय?" मी "हो" म्हणाले. त्यानंतर बोलणं वीस मिनिटं चाललं. बाहेरच्या देशांतल्या अभ्यासांवर नियम करावा का, आपल्याकडचा घाम वेगळा का, पुन्हा मोजायला पैसे कोण देणार. मला एरवी या वादांत मासा पाण्यात सोडल्यासारखं वाटतं, आज मी काठावर बसून ऐकत होते. शेवटी विषय पुढच्या वर्षावर ढकलला गेला. कारकुनाने इतिवृत्त टाइप करून सहीला आणलं. माझ्या नावापुढे लिहिलं होतं: 'आपला निष्कर्ष मागे घेतला. कारण सांगितले, पुरावा दिला नाही.' एकही शब्द चुकीचा नव्हता. मी सही केली. सोळा वर्षांच्या नोकरीत माझ्याबद्दल इतकं नेमकं कुणी लिहिलं नव्हतं, आणि ते वाचून मला रडू आलं. ते मी जिन्यात उरकलं.

मी गाडीत बसले. चौक ओलांडल्यावर गोरक्ष म्हणाला, "नावं दिली?" "नाही." त्याने मान हलवली. मग अगदी सहज म्हणाला, "पर तुमाला बघायचं आसंल की म्याडम. आमी चौदा काडून काय ऱ्हातं ते." मी म्हणाले, "हो. फार बघायचंय." "मंग बघा की. कुनाला सांगू नका, आमाला सांगा. आमच्याच अंगातलं हाय ते. आमाला तर कुनी कवा काय सांगितलंच न्हाई." तो तक्रार करत नव्हता. रिक्षाचं भाडं विचारावं तशा आवाजात बोलत होता, आणि म्हणूनच ते मला लागलं. मी ते साडेचार निबंधात छापले, परिषदेत सांगितले, समितीपुढे तीन वर्षं मांडले, कंपनीला रंगीत पुस्तिका करून दिली. बासष्टांपैकी कुणाला, काम संपल्यावरसुद्धा, ज्याचा त्याचा आकडा सांगावा असं एकदाही मनात आलं नाही. न सांगण्याचं कारण सहा महिन्यांचं होतं, आणि मी ते सहा वर्षं वापरलं. सांगितलं असतं तर पाण्याच्या पेल्यावरून कुणाला अंदाज बांधावे लागले नसते.

"माझा किती व्हता वो?" गोरक्षने विचारलं. मी लॅपटॉप उघडला. नाव, पुढे क्रमांक, क्रमांकापुढे दोन फेऱ्या. दुसऱ्या फेरीचा, गोळ्यांवरचा आकडा माझ्या अभिमानाचा होता, एकशे अडतीस. पहिल्या फेरीचा मी दोनदा वाचला. "एकशे बासष्ट," मी म्हणाले, "खालचा एकशे चार." "लय हाय का?" "हो. जास्त आहे." "तवाचा?" "तेव्हाचा." त्याने गिअर बदलला. "नंतर मी गोळी न्हाई घेतली कवा. आट दिसच. पास झालो म्हनून सोडली. डोकं दुकतं अदनंमदनं, पर मला वाटलं गाडीमुळं." त्याने आरशात न बघता विचारलं, "म्हंजे तुमाला म्हाईत व्हतं." मी म्हणाले, "हो. मला माहीत होतं."

कुरुळीपाशी त्याने गाडी डावीकडे घेतली, हळूच थांबवली आणि इंजिन बंद केलं. मागून एक डंपर हॉर्न वाजवत गेला. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, अडतीस-चाळीस वर्षांच्या माणसाचे हात, प्रेसने एका बोटाचं टोक नेलेलं. मला वाटलं तो मला उतरा म्हणेल, आणि त्याने म्हणावं असंही वाटलं. "पट्टा हाय का तुमच्याकडं आता?" त्याने विचारलं. नव्हता. त्या अभ्यासानंतर मी कुणाच्या दंडाला पट्टा बांधलाच नव्हता. मी आकड्यांची डॉक्टर झाले होते. "नाही," मी म्हणाले, "पण समोर औषधांचं दुकान आहे, तिथे मोजतात. चला." तो उतरला. लॅपटॉप आणि वही काखेत धरून मी त्याच्याबरोबर रस्ता ओलांडला. दुकानातल्या बाईने त्याला स्टुलावर बसवलं, पट्टा बांधला, आणि माझ्याकडे न बघता, दुकानात उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आकडा सांगितला. एकशे चौऱ्याहत्तर. गोरक्षने तो पुटपुटत दोनदा म्हणून बघितला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाकीच्या तेरांचं बी बगा त्यात. गुरवारी सुट्टी आसती, समदे घरी आसत्यात." मी त्या दुकानातच स्टुलाशेजारी उभी राहून लॅपटॉपमधला एकेका नावापुढचा आकडा वहीत उतरवून घ्यायला लागले.